जर्मनीत आल्यावर मशीद निवडताना

कोकणातून नोकरीसाठी येणाऱ्या मुसलमान तरुणांना घर, विमा आणि नोंदणी यांची माहिती सगळेच देतात, मशिदीची मात्र कोणी देत नाही. गावाकडे जमात वर्गणी काढते आणि इमामाचा पगार देते, त्यामुळे इमाम जमातीला बांधील असतो. येथे तसे गृहीत धरू नये.

जर्मनीतील सुमारे ९०० मशिदी कोलोन येथे १९८४ साली स्थापन झालेल्या दितिब या संघटनेशी जोडलेल्या आहेत. तिचे नाते तुर्कस्तानच्या दियानेत या सरकारी धर्मखात्याशी आहे. इमाम अंकाऱ्याहून काही वर्षांच्या नेमणुकीवर येत आणि पगार तुर्की सरकारकडून घेत. आज जर्मन राजकारणी याविषयी तक्रार करतात, परंतु तुर्कस्तानातून आलेले कामगार एक दिवस परत जातील या समजुतीने त्या कामगारांच्या धर्माचा खर्च दुसऱ्या सरकारने उचललेला जर्मन राजकारण्यांनाच कित्येक दशके सोयीचा वाटला होता. तुर्कस्तानात २०१६ मध्ये झालेल्या बंडाच्या प्रयत्नानंतर काही इमामांनी, तुर्की सरकारने त्या बंडासाठी ज्यांना जबाबदार धरले त्या धर्मगुरू गुलेन यांच्या अनुयायांची माहिती तुर्की अधिकाऱ्यांना पुरवल्याचा आरोप झाला, २०१७ मध्ये चार इमामांच्या घरांची झडती घेतली गेली आणि त्याच वर्षअखेरीस ती चौकशी बंदही झाली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये असे इमाम पाठवणे टप्प्याटप्प्याने थांबवून दरवर्षी शंभर इमाम जर्मनीतच घडवण्याचे ठरले.

म्हणून तुर्की मशीद टाळावी असे माझे म्हणणे नाही. तेथे स्वच्छता असते, आपुलकी असते आणि चहाही मिळतो. मात्र चहा पिताना तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या बाजूने किंवा विरुद्ध मत मांडू नये. तो वाद आपला नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला बजावतो: न वाचता सभासदत्वाच्या अर्जावर सही करू नका. जुम्याच्या नमाजासाठी सभासद असण्याची गरज नसते. तरीही आपली मुले भिडेखातर सही करतात आणि बँकेतून दरमहा वर्गणी कापू देतात. येथील मशिदी बहुतेक नोंदणीकृत संस्था असतात. त्यांपैकी काहींवर संविधान-संरक्षण खात्याची, म्हणजे जर्मनीच्या देशांतर्गत गुप्तचर खात्याची, नजर असते, आणि नागरिकत्वाचा अर्ज करताना अशा संस्थांशी असलेल्या संबंधांविषयी विचारणा होऊ शकते. हॅम्बुर्गच्या इस्लामिक केंद्रावर इराणी राजवटीशी असलेल्या संबंधांमुळे जुलै २०२४ मध्ये बंदी आली आणि तेथील प्रसिद्ध निळी मशीद सरकारने ताब्यात घेतली. संविधान-संरक्षण खात्याचा वार्षिक अहवाल सर्वांसाठी खुला असतो. सही करण्यापूर्वी त्यात संस्थेचे नाव शोधावे. ‘सगळेच जातात’ हे आपल्या मंडळींचे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

सरकारांचा हात ईदच्या तारखेतही दिसतो. तुर्की मशिदी दियानेतच्या आधीच ठरलेल्या दिनदर्शिकेनुसार चालतात, तर अनेक अरबी मशिदी सौदी घोषणेची वाट पाहतात. चंद्रदर्शनाची सवय असलेल्यांनी कार्यालयात रजा मागण्यापूर्वी आपण कोणत्या मशिदीत नमाज पढणार हे ठरवावे.