व्हॅनिलाचे बेणे घेण्याआधी बाजार कसा तपासावा

शेडनेटमध्ये व्हॅनिला लावा आणि लाखो कमवा, असे सांगत कोणी बेणे विकायला गावात आला, तर तो सांगतो तो भाव कशाचा आणि कोणत्या वर्षाचा, हे आधी विचारावे.

जगातील बहुतांश व्हॅनिला आफ्रिकेजवळच्या मादागास्कर या बेटाच्या ईशान्येकडील सावा भागातून येतो, त्यामुळे तिथे एक चक्रीवादळ आले तरी जगभरचे भाव हलतात. 2000 सालच्या हुदा वादळानंतर भाव चढत गेले, ते पाहून केरळ आणि कर्नाटकातील अनेक शेतकऱ्यांनी वेली लावल्या, आणि 2005 च्या सुमारास भाव कोसळल्यावर त्यांतील कित्येकांचे हाल झाले. 2015 पासून मोठ्या खाद्य कंपन्या नैसर्गिक स्वादाकडे वळल्या, 2017 मध्ये एनावो वादळ आले, आणि 2018 मध्ये भाव किलोला सुमारे 600 डॉलरवर पोहोचला. पुढे मादागास्करने ठरवलेला 250 डॉलरचा किमान निर्यातभाव 2023 मध्ये हटवला गेला आणि बाजार पुन्हा घसरला. वेलीला फुले यायला साधारण तीन वर्षे लागतात, म्हणून लागवडीच्या दिवशीचा भाव आपल्या हिशेबात धरूच नये.

शिवाय हे भाव प्रक्रिया केलेल्या शेंगांचे असतात. एक किलो तयार मालाला पाच ते सहा किलो हिरव्या शेंगा लागतात, म्हणून 6,000 रुपये किलो ऐकले, तर हिरव्या किलोमागे फार तर 1,000 ते 1,200 रुपये धरावेत आणि त्यातूनही शेंगा गरम पाण्यात बुडवणे, उबदार गुंडाळून घाम काढणे, कित्येक आठवडे वाळवणे यांचा खर्च वजा करावा. मजुरी वेगळीच, कारण फूल एकच दिवस उमलते आणि प्रत्येक फुलाचे परागीभवन हातानेच करावे लागते. ही रीत 1841 मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, आणि आजही तीच चालते. दक्षिण भारतात फुलोरा उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, म्हणजे आपल्याकडे हरभरा काढणीला मजूर मिळत नाहीत, नेमक्या त्याच दिवसांत.

देशातील मागणीही तपासावी. आठवडी बाजारातील आइस्क्रीमला येणारा वास बहुधा स्वस्त कृत्रिम व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाच्या मुख्य घटकाचा, असतो आणि त्या किमतीशी खरी शेंग स्पर्धा करू शकत नाही. व्हॅनिलाला हमीभाव नाही. म्हणून माल कोण घेणार, हिरवा की वाळवलेला, ओलावा आणि व्हॅनिलिनचे प्रमाण किती हवे, तपासणीचा खर्च कोणाचा, हे कागदावर लिहून घ्यावे. बेणे विकणाराच एकमेव खरेदीदार असेल, तर आधीच्या हंगामात त्याने ज्यांचा माल घेतला, त्या शेतकऱ्यांना आपण स्वतः जाऊन भेटावे आणि त्यांच्या पावत्या पाहाव्यात.

एवढे करूनही मन होत असेल, तर कर्ज न काढता विहिरीजवळच्या आंब्याच्या सावलीत दहा-वीस वेली लावाव्यात. दमट हवेत वाढणारी ही वेल आपल्या 45 अंशांच्या कोरड्या मे महिन्यात, विहिरीचे पाणी तळाला गेलेले असताना, कशी तगते ते पाहावे, आणि शेडनेटचा खर्च त्यानंतरच ठरवावा.