दर रविवारी उठणारी अर्धशिशी: मला काय लागू पडलं

लक्षण असं: रविवारी सकाळी आधी जांभया, मग उजव्या डोळ्यामागे ठणका, मळमळ, उजेड नकोसा. सुंठीचा लेप, नाकात तूप, चष्म्याचा नवा नंबर, सगळं करून झालं. नुसता वैताग.

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली: झोप, चहा, जेवण यांच्या वेळा. एरवी सहाला उठून चहा, रविवारी मात्र नऊला. चहातलं कॅफीन चुकलं की १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं, आणि झोपेची वेळ हलणं अर्धशिशीला पुरतं.

मग क्रम असा लावला. रविवारीही गजर सहाचाच. झोप हवीच तर दुपारी अर्धा तास. उठल्यावर पाणी, ठरल्या वेळी चहा, तासाभरात नाश्ता. घडी बसल्यावर चहा दर आठवड्याला अर्धा कप कमी केला, एकदम सोडला नाही. चतुर्थीलाही पोट रिकामं ठेवत नाही (सासूबाई कुरकुरल्या, चालायचंच). जांभया सुरू होताच पाणी, अंधारी खोली, मानेवर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं.

आता अर्धशिशी क्वचितच उठते. डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हात लुळा पडला, तर मात्र थेट इस्पितळ गाठायचं.