खारट पाण्यातला खाणीचा गाळ बसत नाही? या चुका टाळा

महापे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये खाणींचं सांडपाणी कॅन भरभरून येतं. सोबत प्रश्न ठरलेला: "गाळ बसत नाहीये, कुठला पॉलिमर घालू?" पॉलिमर म्हणजे बारीक कण एकत्र बांधून गाळ बसवणारं लांब साखळीचं रसायन. मी आधी कंडक्टिव्हिटी बघते, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते; क्षार जास्त तितकी ती जास्त. पाणी किती खारट आहे हे कळल्याशिवाय पॉलिमर निवडणं म्हणजे अंधारात हात घालणं.

सगळ्यात महागात पडलेली चूक माझीच. नवीन असताना एक दाट नमुना मी नळाच्या पाण्याने पातळ केला. आमच्या नळाला बारवी धरणाचं गोड पाणी. मेजरिंग सिलिंडरमध्ये कापसासारखे मोठे फ्लॉक (कणांचे पुंजके) धरले आणि बघता बघता वरचं पाणी निवळलं. तोच पॉलिमर, तोच डोस साइटवर गेला आणि तिथे रव्याएवढे फ्लॉक, वर दुधाळ पाणी. मी मीठच पातळ करून टाकलं होतं.

मिठाचं काम दुहेरी आहे. मातीच्या कणांवर ऋणभार असतो, म्हणून गोड पाण्यात ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. ०.०१ मोलर (लिटरमागे सुमारे ०.६ ग्रॅम) मिठाच्या पाण्यात या ढकलण्याचा पल्ला साधारण ३ नॅनोमीटर, समुद्राच्या पाण्यात अर्धा नॅनोमीटरही नाही. म्हणून खारट पाण्यात कण आपसूक चिकटतात. घरी करून बघा: शाडूची थोडी माती दोन ग्लासांत कालवा, एकात दोन चमचे मीठ घाला, आणि आधी कुठलं पाणी निवळतं ते बघा. पण अशा गुठळ्या लहान असतात, थिकनरच्या (साइटवरच्या गाळ बसवायच्या मोठ्या टाकीच्या) वेगाला पुरत नाहीत, म्हणून पॉलिमर लागतोच. आणि तेच मीठ पॉलिमरवरही चालून जातं. अ‍ॅनायोनिक पॉलिअ‍ॅक्रिलामाइडची (म्हणजे ऋणभार असलेल्या नेहमीच्या पॉलिमरची) लांब साखळी गोड पाण्यात ताणलेली असते, तेव्हाच ती एका कणावरून दुसऱ्यावर पूल बांधते. खारट पाण्यात ती गुंडाळी होऊन बसते.

म्हणून पातळ करायचंच असेल तर थिकनरवरून वाहणारं निवळ पाणी साइटकडून मागवा. काहीजण ऐरोलीच्या खाडीतून कॅन भरून आणतात. तसं करू नका. खाडीचा खारटपणा भरती-ओहोटीला आणि पावसाळ्यात बदलतो, शिवाय तिचा स्वतःचा गाळ असतोच. पॉलिमर ज्या पाण्यात साइटवर विरघळवतात, त्याच पाण्यात लॅबमध्येही विरघळवा. तिथे खारं आणि इथे बारवीचं, असं केलं की टेस्ट पहिल्याच पायरीला फसली.

फ्लॉक लहान दिसले की लोक डोस वाढवत नेतात. थोडा फायदा होतो, मग उलटतं: कणांवर पॉलिमरचा थर बसतो, पूल बांधायला जागा उरत नाही, पाणी चिकट होतं आणि पुढे फिल्टरचं कापड तुंबतं. डोस वाढवण्याआधी ग्रेड बदलून बघा. खूप खाऱ्या पाण्यात सल्फोनेट गट असलेले पॉलिमर बहुधा जास्त टिकाव धरतात, कारण त्यांची साखळी कॅल्शियम-मॅग्नेशियमपुढे इतकी आक्रसत नाही.

पीएच वाढवायला चुना घालतानाही जपा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. पीएच १० च्या पुढे गेला की त्याचं हायड्रॉक्साइड जेलीसारखं सुटू लागतं, आणि गाळ फुगून बसायला कुरकुरतो. चिलीत जिथे तांब्याच्या खनिजाच्या फ्लोटेशनला (बुडबुड्यांवर खनिज तरंगवून वेगळं करायला) थेट समुद्राचं पाणी वापरतात आणि चुन्याने पीएच चढवतात, तिथे हीच अडचण समोर येते.

मातीची जात विचारायला विसरू नका. केओलिनाइट जातीची माती पाण्यात जवळजवळ फुगत नाही. सोडियमवाला मॉन्टमोरिलोनाइट ही दुसरी जात, तो मात्र गोड पाण्यात भरपूर फुगतो आणि खारट पाण्यात आखडून असतो. त्यामुळे मे महिन्यात नीट बसणारा गाळ जुलैत खाणीच्या गाळाच्या तलावात पावसाचं पाणी शिरल्यावर बसेनासा होतो. अशा वेळी पॉलिमरच्या पिशवीवर शंका घेण्याआधी कंडक्टिव्हिटी मोजा. ती उतरली असेल, तर नवं पाणी मागवून टेस्ट पहिल्यापासून करा.

बाकी, पावडर हळूहळू शिंपडून विरघळवा म्हणजे गुठळ्या होणार नाहीत, आणि तयार द्रावण वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्युगल पंपातून पाठवू नका, साखळ्या तुटतात.