परिणामी रोध काढताना आधी बिंदू, मग सूत्र

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून रत्नागिरीत इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला आलेल्या मुलांना मी सुट्टीच्या दिवशी शिकवतो. एकसर जोडणीत रोधांची बेरीज आणि समांतर जोडणीत व्यस्तांची बेरीज, ही सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. घोडं अडतं ते त्याच्या आधीच: समोरच्या आकृतीत कोण एकसर आणि कोण समांतर, हेच ओळखता येत नाही. शेजारी शेजारी काढले की समांतर आणि एका ओळीत काढले की एकसर, असं मुलं धरून चालतात. पण कागदावर आकृती कशीही काढता येते, जोडणी मात्र तीच राहते.

म्हणून माझा आग्रह असतो की पेन उचलल्यावर पहिल्यांदा बिंदूंना नावं द्यायची. नुसत्या तारेने जोडलेल्या सगळ्या जागा म्हणजे एकच बिंदू, मग ती तार आकृतीत कितीही लांब फिरलेली असो. ज्या दोन रोधांची दोन्ही टोकं त्याच दोन बिंदूंवर येतात ते समांतर. ज्यांच्या मधल्या सांध्यातून तिसरी वाट फुटत नाही ते एकसर.

हे पटवायला मी नेहमी एकच गणित देतो. 6 ओहमचे तीन रोध एका ओळीत, टोकं क्रमाने क, ख, ग, घ. आता क पासून ग पर्यंत एक तार जोडा आणि ख पासून घ पर्यंत दुसरी. क आणि घ यांच्यामधला परिणामी रोध, म्हणजे या सगळ्यांच्या जागी चालेल असा एकच रोध, किती? बरेच जण 18 म्हणतात. पण क आणि ग एकच बिंदू झाला, ख आणि घ दुसरा. पहिला रोध क ते ख, दुसरा ख ते ग, तिसरा ग ते घ, म्हणजे तिघेही त्याच दोन बिंदूंमध्ये. तिन्ही समांतर, उत्तर 2 ओहम. आकृती नव्याने काढून दाखवली की मुलांचे चेहरे उजळतात. शिकवण्यातला हा क्षण मला सगळ्यात आवडतो.

उत्तर आलं की ते तपासायची सवयही पहिल्या दिवसापासून लावून घ्या. समांतर जोडणीचा परिणामी रोध त्यातल्या सर्वांत लहान रोधापेक्षा कमीच असतो. दोनच रोध असतील तर तो लहान रोधाच्या निम्म्याहून कमी होत नाही. 6 आणि 3 ओहम समांतर असताना उत्तर 2 येतं, म्हणजे दीड आणि तीनच्या मध्ये. कुणाचं उत्तर 4.5 आलं, तर पाहताक्षणी चूक कळते.

परीक्षेपलीकडे याचा काय उपयोग, असं कुणी विचारलं की मी मिरकरवाडा बंदरातल्या होड्यांचं उदाहरण देतो. तिथे वायरिंगची कामं मी केली आहेत. 12 व्होल्टच्या बॅटरीवर 24 वॉटचे दोन बल्ब समांतर आहेत असं समजा. प्रत्येकाचा रोध 6 ओहम, दोघांचा मिळून 3, प्रवाह 4 अँपिअर. खाऱ्या हवेने बॅटरीजवळच्या लगवर, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर, हिरवा गंज चढला आणि त्या सांध्याचा रोध 1 ओहम झाला. हा रोध आकृतीत कुणी काढत नाही, पण तो सगळ्या परिपथाशी एकसर असतो. बल्बचा रोध तोच राहिला असं धरलं तर एकूण 4 ओहम, प्रवाह 3 अँपिअर आणि बल्बांना मिळतात फक्त 9 व्होल्ट. दोन्ही बल्ब एकदमच मंद झाले, तर बल्ब बदलण्याआधी दोघांना सामाईक असलेला सांधा घासून पाहायचा. ही बुद्धी गणितातूनच येते.

मल्टिमीटर हाती आला की आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोध मोजताना पुरवठा काढलेला हवा आणि मोजायच्या रोधाचं निदान एक टोक मोकळं हवं, नाहीतर आजूबाजूचे समांतर रोधही मापात येतात. 230 व्होल्टच्या 100 वॉटच्या जुन्या तारेच्या बल्बचा रोध हिशेबाने 529 ओहम येतो, पण थंड बल्ब मोजला तर 50 ओहमच्याही खाली दिसतो. मीटर बिघडलेला नसतो. तापल्यावर टंगस्टनचा रोध वाढतो.

शेवटी ब्रिज, म्हणजे समांतर अशा दोन फांद्या, प्रत्येकीत दोन रोध एकापुढे एक, आणि दोन्ही फांद्यांचे मधले सांधे जोडणारा पाचवा रोध. हा मधला रोध कुणाशीही एकसर नसतो आणि समांतरही नसतो, त्यामुळे थेट सूत्र लावू नका. आधी गुणोत्तर पाहा. एका फांदीत 2 आणि 4 ओहम, दुसरीत 3 आणि 6, तर 2:4 आणि 3:6 सारखंच. मधल्या रोधाच्या दोन्ही टोकांचं विभव (व्होल्टेज) समान, त्यातून प्रवाहच नाही, म्हणून तो बेलाशक काढून टाका. उरले 6 आणि 9 ओहम समांतर, म्हणजे 3.6. गुणोत्तर जुळलं नाही तर स्टार-डेल्टा रूपांतर, म्हणजे त्रिकोणात जोडलेल्या तीन रोधांच्या जागी ताऱ्यासारखे जोडलेले तीन रोध घेणं, करावं लागतं, ते डिप्लोमात पुढे येतंच. पण गुणोत्तर न पाहता थेट त्यालाच हात घातलात, तर याच गणिताला पानभर आकडेमोड लागेल आणि उत्तर 3.6 ओहमच येईल.