कोकणातल्या शाळांमध्ये दातांचं काम करायला जाताय? मग हे आधी वाचा

बीडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची, चार वर्षं संपली, इंटर्नशिपमध्ये गावातली पोस्टिंग लागली तेव्हा मला वाटायचं की टॉर्च, माउथ मिरर आणि ब्रशचा एक खोका घेतला की झाला कॅम्प. मालवण तालुक्यातल्या एका शाळेत गेलो, दिवसभरात शंभरेक पोरं तपासली, कीड दिसली त्यांना चिठ्ठ्या दिल्या, तालुक्याला जाऊन दाखवा म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी परत गेले तर बऱ्याच चिठ्ठ्या दप्तरातच. नेणार कोण? बाप मुंबईला, आई भातलावणीला नाहीतर काजू फॅक्टरीत, आणि एसटी दिवसाला दोन. खूप वाईट वाटलं तेव्हा, पण चूक आमचीच होती. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते, दहा शाळा एकदा करू नका, दोनच घ्या आणि वर्षातून चारदा जा.

दुसरं म्हणजे घरात पोरांचं सगळं बघते ती आजी, तिला गाठा. शाळेत पोरांसमोर भाषण करून फार काही होत नाही. एका आजीने मला विचारलं होतं, "दुदाचे दात ते, आज ना उद्या पडतलेच, त्यांका कित्याक औषध?" प्रश्न बरोबरच आहे, त्याचं उत्तर आपल्याकडे तयार पाहिजे. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, त्या किडून लवकर काढाव्या लागल्या की शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही. आणि दुखणं वेगळंच, पोर एका बाजूने जेवतं, रात्री झोपत नाही.

त्याहून महत्त्वाची सहाव्या वर्षाची दाढ. दुधाचे दात वीस, त्यांच्या मागे ही गुपचूप येते, तिच्यासाठी आधी कुठला दात पडत नाही म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती आयुष्यभराची आहे आणि खाचा खोल असल्यामुळे किडतेही पटकन. पहिली-दुसरीच्या पोराला आरसा द्या, आजीला शेजारी बसवा आणि बोट लावून दाखवा. हे मी प्रत्येक वेळी करते आणि प्रत्येक वेळी आजी चकित होते.

पेस्टचं पण दाखवूनच द्यायचं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा मटारच्या दाण्याएवढी, फ्लोराइडवाली. रात्री झोपताना घासणं चुकवायचं नाही, सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसानेच घासून द्यायचं, आणि नंतर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरली की फ्लोराइड सगळं धुऊन जातं.

मिश्रीचा विषय निघणारच. आजी स्वतः लावते आणि पोराची दाढ दुखली की तिथेही दाबते. ओरडू नका, ती बाई चाळीस वर्षं लावतेय. तो जाळलेला तंबाखू आहे, पोराला नको, एवढंच शांतपणे सांगा. माझ्या अनुभवात नातवंडासाठी ऐकतात, स्वतःसाठी ऐकायला वेळ लागतो.

गणपतीत चाकरमानी पिशव्या भरून चॉकलेटं आणतात. ती बंद करा म्हणालात तर कुणी ऐकणार नाही. दिवसभर थोडं थोडं खाण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच खाऊ द्या म्हणा, कारण गोड तोंडात गेलं की दरवेळी जंतू आम्ल तयार करतात, म्हणजे किती खाल्लं त्यापेक्षा किती वेळा खाल्लं ते जास्त नडतं. रात्री तोंडात बिस्कीट ठेवून झोपणारी पोरंही बघितलीत मी, ते मात्र स्पष्ट नको म्हणायचं.

उपचार शाळेतच करता आले तर उत्तम. फ्लोराइड वार्निश ब्रशने लावायला दोन-तीन मिनिटं लागतात, तीन ते सहा महिन्यांनी परत लावायचं. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे किडलेल्या दातावर लावायचं औषध, त्याने कीड थांबते, दात कोरायचं मशीन लागत नाही, 2021 पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, पण किडलेला भाग काळा पडतो. आधी फोटो दाखवा, घरच्यांची सही घ्या, मगच लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा होतो की डॉक्टरीणबाईंनी दात काळे केले.

आणि एकट्याने फिरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते, त्यांच्या तपासणीत दातही असतात. त्या डॉक्टरांना भेटून तारखा जुळवून घ्या. अंगणवाडी ताईंचा नंबर घ्या, कुठल्या घरात कोण कधी असतं ते त्यांना पाठ असतं. लावणीच्या दिवसांत पालकसभा ठेवू नका, कुणी येत नाही. बंदराजवळच्या गावात असाल तर मासळीच्या लिलावाची वेळ आधी विचारा आणि ती सोडून सभा ठेवा.