मुलांना जिंजरब्रेडचं घर करायला नेताय? आधी मसाल्यांचा वास घेऊ द्या

न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे राहणाऱ्यांनी नाताळच्या दिवसांत ब्रॉन्क्समधल्या न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनला मुलांना न्यावं. तिथला 1992 पासूनचा ट्रेन शो, म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्यांचं प्रदर्शन, आधी दाखवा. साल, काटक्या, बिया यांतून उभारलेल्या शहरातल्या इमारती पाहिल्या की मुलांचे हात शिवशिवतात; मग जिंजरब्रेडचं घर, म्हणजे मसाल्याच्या बिस्किटांच्या भिंती जोडून केलेलं छोटं घर, रचायला ती तयारच असतात.

निघण्यापूर्वी घरी मिसळणाचा डबा उघडा. जिंजरब्रेडमधलं जिंजर म्हणजे आपली सुंठच. लवंग मुलाच्या तळहातावर ठेवा. तिच्या टोकाचा तो गोल मणी म्हणजे न उमललेल्या कळीच्या मिटलेल्या पाकळ्या! दालचिनी ही झाडाची आतली साल. बागेत हीच नावं ऐकली की मुलं आपणहून बोलू लागतात, आणि मला तरी हाच खरा आनंद वाटतो.

घर रचताना आयसिंग, म्हणजे भिंती चिकटवायचा साखरेचा लेप, घट्टच हवं: सुरीने रेघ ओढली तर ती मिटता कामा नये. भिंती चिकटवून अर्धा तास तरी थांबा, मगच छप्पर. घाई केली की छप्पर घसरतं आणि मूल रडवेलं होतं. अंडं न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या, कारण या घट्ट आयसिंगमध्ये (रॉयल आयसिंग) अंड्याचा पांढरा भाग असतो; त्याऐवजी वापरतात ती मेरिंग पावडरही बहुधा त्याचीच.