सिस्टीम ड्राइव्हचा क्लोन आधीच करून ठेवा

फोटो आणि फायलींचा बॅकअप बरेच जण घेतात पण सिस्टीम ड्राइव्हच (ज्यावर विंडोज असतं तो) गेला तर विंडोज टाकायचं, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर, सगळी सेटिंग परत करायची, यात दोन दिवस सहज जातात, म्हणून एक वेगळी एसएसडी घेऊन त्यावर पूर्ण ड्राइव्हचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करून ठेवा. सी ड्राइव्हच्या फायली नुसत्या कॉपी पेस्ट करून चालत नाही हं, कारण कॉम्प्युटर सुरू करणारी फाइल एका वेगळ्या लपलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये (ड्राइव्हच्या एका छोट्या भागात) असते, ती त्यात येतच नाही.

क्लोनझिला हे क्लोन करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं. नवीन ड्राइव्ह जुन्याएवढा किंवा मोठा हवा. सोर्स (ज्यावरून कॉपी होते तो) कुठला आणि टार्गेट (ज्यावर होते तो) कुठला हे दोनदा नाही, तीनदा बघा, उलटं झालं तर चालू सिस्टीमच पुसली जाईल!! बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावायचं कुलूप) असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा.

क्लोन झाला की कॉम्प्युटर बंद करा, जुना ड्राइव्ह काढून क्लोन आत बसवा आणि त्यावरून कॉम्प्युटर खरंच बूट (सुरू) होतंय का बघा. हे टेस्टिंग बहुतेक जण टाळतात आणि तिथेच फसतात. दोन्ही ड्राइव्ह एकत्र जोडून विंडोज सुरू करू नका, दोघांचे आयडी सारखेच असल्यामुळे गोंधळ होतो.

नंतर क्लोन काढून बाजूला ठेवा, सतत जोडलेला राहिला तर रॅन्समवेअर (फायली अडकवून पैसे मागणारा व्हायरस) त्यालाही सोडणार नाही. महिन्यातून एकदा, आणि मोठ्या अपडेटच्या आधी तर नक्कीच, नवीन क्लोन घ्या.